टेस्ट सगळ्या हिरव्या, पण खाली १,४१२ वॉर्निंग... दाबून टाकू का?

शिरपूरच्या एका पोराने विचारलंय. आधीच्या माणसाने अर्ध्यात सोडलेला पायथनचा प्रोजेक्ट याच्या गळ्यात पडलाय, पायटेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) चालवली की टेस्ट सगळ्या पास होतात पण खाली १,४१२ वॉर्निंगचा ढीग येतो. टीममधले सर म्हणतात सरळ इग्नोर टाक आणि कामाला लाग. याने उलटं करून पाहिलं, सगळे वॉर्निंग एरर करून टाकले, तर ३८० टेस्ट एका झटक्यात लाल. आता म्हणतो, दादा, तुम्हीच सांगा.

सांगतो, पण जरा लांबेल, कारण या विषयात मी स्वतः मार खाल्लाय.

पहिली गोष्ट, ते १,४१२ नाहीत. पायटेस्ट खाली यादी देते ना, ती नीट वाच, एकच मेसेज शे-दोनशे टेस्टमधून आलेला असतो. तू जे आउटपुट पाठवलंस त्यात मी बोट ठेवून मोजले, वेगवेगळे मेसेज फक्त २३ आहेत. त्यातले सात तुमच्या स्वतःच्या कोडमुळे, बाकी लायब्ररी आपापसात बडबड करतायत. म्हणजे १,४१२ चं ओझं नाहीच, २३ ओळींचं काम आहे. सरांनी ही मोजणी केली असती तर इग्नोर म्हणाले नसते, आणि तू केली असतीस तर ३८० टेस्ट पाडून रात्रभर जागला नसतास. दोघांनी न वाचताच निर्णय घेतला, बस एवढंच.

आता हे टेस्टमध्येच का दिसतं आणि रोजच्या वापरात का नाही, हे समजून घे. पायथन २.७ आणि ३.२ पासून डेप्रिकेशन-वॉर्निंग, म्हणजे ही सोय पुढे काढणार आहोत असा निरोप, डिफॉल्टने लपवलेला असतो, कारण सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, तो लिहिणाऱ्यासाठी आहे. ३.७ पासून एवढंच सुधारलं की जी फाइल तू थेट चालवतोस तिच्यातला तेवढा दिसतो, आतल्या मॉड्यूलमधला नाहीच. मग लिहिणाऱ्याला तो कळणार कुठे, तर टेस्टमध्ये, म्हणून पायटेस्टने ३.८ व्हर्जनपासून हे वॉर्निंग आपणहून दाखवायला सुरुवात केली. (पायटेस्टचं ३.८ आणि पायथनचं ३.८ वेगळं बरं का, यात पोरं नेहमी गोंधळतात.) म्हणजे निरोप पोचायचा एकच दरवाजा उघडा आहे आणि सर म्हणतायत तोही लावून घे.

माझा मार ऐक आता. आम्ही जळगावात केळी खरेदीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो, वजनकाट्याची पावती, गावनिहाय आवक, शेतकऱ्याचं पेमेंट वगैरे. रोज संध्याकाळी एक रिपोर्ट निघतो. त्या कोडमध्ये पांडाज (तक्त्यांचा डेटा हाताळणारी पायथनची लायब्ररी) वापरलेलं, आणि जागोजागी डेटाफ्रेमला, म्हणजे तक्त्याला, ओळ जोडायला अपेंड. जानेवारी २०२२ मध्ये पांडाज १.४ आलं तेव्हाच अपेंड डेप्रिकेट झालं होतं, टेस्ट चालवली की दर वेळी तो पिवळा मजकूर यायचा की हे जाणार आहे, कॉनकॅट वापरा. मला त्याचा कंटाळा आला आणि मी टेस्टच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकली, सगळं इग्नोर. मीच टाकली, दुसऱ्या कुणी नाही. एप्रिल २०२३ मध्ये पांडाज २.० आलं, अपेंड गेलं. आणि आखाजीच्याच (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात आमचं जुनं मशीन उन्हाने की कशाने बसलं, नवीन मशीनवर सगळं परत इन्स्टॉल केलं, व्हर्जन बांधलेली नव्हती, म्हणून नवीन पांडाज आलं. संध्याकाळी रिपोर्टच निघेना. अर्धी टीम माहेरवाशिणी आल्या म्हणून गावाला, घरोघरी पुरणपोळी न् आंब्याचा रस, झाडाला झोके बांधलेले, आणि मी ऑफिसात कूलरसमोर बसून अपेंड शोधून शोधून बदलतोय. सव्वा वर्ष आधी नोटीस मिळालेली होती मला.

असो. तर पद्धत सांगतो.

कॉन्फिग फाइलमध्ये फिल्टरवॉर्निंग्ज नावाचा पर्याय असतो, त्यात पहिली ओळ एरर. हो, तू केलं तेच, पण तिथे थांबायचं नाही. त्याखाली त्या २३ मेसेजच्या २३ सूट द्यायच्या, एकेकाला नावानिशी. इग्नोर, मग मेसेजची सुरुवात, मग वॉर्निंगचा प्रकार, जमलं तर मॉड्यूल. क्रम लक्षात ठेव, दोन फिल्टर लागू पडत असतील तर खालचा जिंकतो, म्हणून एरर वर आणि सूट खाली, उलटं लिहिलंस तर सूट लागूच होणार नाही आणि तू म्हणशील दादांनी चुकीचं सांगितलं. आता टेस्ट परत हिरव्या. फरक काय पडला? आज रात्री कुणी नवीन डेप्रिकेट झालेली गोष्ट कोडमध्ये घुसवली तर ती २४ वी ठरेल आणि तिथेच लाल होईल. ढीग वाढायचा थांबला. आता तो कमी करायला तुझ्याकडे वेळ आहे, आठवड्याला एक ओळ काढलीस तरी चालेल.

प्रत्येक सूटच्या वर कॉमेंट पाहिजेच. कुणी टाकली, कोणत्या लायब्ररीमुळे, तिचं कोणतं व्हर्जन आलं की काढायची. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत नुसतं "बाकी ५००" असं लिहीत नाही, कुणाची आणि कधीची ते लिहितो, नाहीतर वसूल कशी करणार. बिननावाची इग्नोर ओळ म्हणजे बुडीत खातं. आमच्याकडे मी नियमच केलाय, कॉमेंट नसलेली सूट मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही, आणि स्वतःच्या कोडमधल्या वॉर्निंगला तीन महिन्यांपेक्षा जास्त सूट नाही. लायब्ररीच्या वॉर्निंगला मुदत घालून उपयोग नाही, ते आपल्या हातात नसतं, तिथे फक्त नवीन व्हर्जन आलं का ते बघत राहायचं.

मेसेज नेमका लिही असं का म्हणतो? पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना सतर्क राहा असा निरोप जातो. आता धरणाला ४१ दरवाजे आहेत, नुसतं "दरवाजे उघडले" म्हटलं तर माणूस कूस बदलून झोपतो, पण सगळेच्या सगळे पूर्ण उघडले असं कळलं की तोच माणूस उठून नदीकाठची मोटर काढायला पळतो. तुझ्या फिल्टरमध्ये पण "डेप्रिकेशनचे सगळे इग्नोर" ही ओळ कूस बदलून झोपणारी आहे.

आता प्रकार. इथे बहुतेक लोक चुकतात म्हणून जरा थांबतो. डेप्रिकेशन-वॉर्निंग म्हणजे ही गोष्ट काढणार आहोत. काढली की कोड मोडेल, आरडाओरडा होईल, आखाजीला मला झाला तसा त्रास होईल, पण निदान कळेल तरी. फ्यूचर-वॉर्निंगची कागदावरची व्याख्या अशी की हा शेवटच्या वापरकर्त्यासाठीचा डेप्रिकेशनचा निरोप, पण पांडाजसारख्या लायब्ररीत तो पुष्कळदा वेगळंच सांगत असतो, की नाव तेच राहील आणि अर्थ बदलेल. हा मला जास्त भीतीदायक वाटतो. एक उदाहरण देतो. आमच्या रिपोर्टमध्ये गावाचं नाव हा कॅटेगरी प्रकारचा कॉलम आहे, रावेर, सावदा, फैजपूर, यावल असा. ग्रुपबाय करून गावानुसार गट पाडले की ज्या गावाची त्या दिवशी आवक नाही त्याचीही शून्याची ओळ येते, कारण पांडाज ३.० च्या आधी ऑब्झर्व्ड नावाचा पर्याय डिफॉल्टने फॉल्स असतो. पांडाज २.१ पासून वॉर्निंग येतो की हा डिफॉल्ट ट्रू होणार, आणि ३.० मध्ये तो झाला. म्हणजे शून्यवाली गावं रिपोर्टमधून गुपचूप गायब. एरर नाही, काही नाही. पुढची एक्सेल दहाव्या ओळीला सावदा धरून बसली असेल तर तिथे दुसऱ्याच गावाचा आकडा बसेल आणि कुणाचं तरी पेमेंट चुकेल. उपाय एका शब्दाचा, ऑब्झर्व्ड काय पाहिजे ते स्वतः लिहून टाकायचं, मग डिफॉल्ट काहीही होवो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी फ्यूचर-वॉर्निंग, मग स्वतःच्या कोडमधले डेप्रिकेशन, मग लायब्ररीचे. पेंडिंग-डेप्रिकेशन (पुढे कधीतरी डेप्रिकेट करू एवढाच इशारा) आला तर चहा पिऊन बघितला तरी चालतो.

तुझ्या यादीत एक वॉर्निंग टेस्टच्या कोडमधलाच होता, त्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुमच्या टेस्ट क्लासमध्ये नुसत्या सेटअप नावाची मेथड आहे. ती जुन्या नोज या टूलची पद्धत. पायटेस्ट ७.२ ने ती डेप्रिकेट केली आणि ८.० ने काढली. यातली गंमत अशी की ८ वर गेलास की ती मेथड मोडत नाही, तिला कुणी हाकच मारत नाही. बहुतेक टेस्ट त्यामुळे पडतील, बरंय, पण ज्या टेस्टला त्या तयारीची खरी गरज नव्हती, किंवा जी टेस्ट "यादी रिकामी आहे का" एवढंच बघते, ती खुशाल पास होत राहील. सेटअप-मेथड असं पूर्ण नाव दे किंवा फिक्स्चर (टेस्टची तयारी करून देणारं फंक्शन) कर, दहा मिनिटांचं काम आहे. तसंच कुणाच्या जुन्या कोडमध्ये असर्ट-इक्वल्स, शेवटी एस असलेलं, दिसलं तर ते पायथन ३.१२ मध्ये गेलंय, एस काढायचा.

आता सर्वात जास्त वेळा आलेला तुझा मेसेज, यूटीसी-नाऊचा (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ). हा सरळ शोधा-आणि-बदला करू नको भो. पायथन ३.१२ ने डेटटाइमचं यूटीसी-नाऊ डेप्रिकेट केलं, मेसेजमध्येच सांगतात की नाऊला यूटीसी टाइमझोन देऊन वापरा. पण दोन्ही एक नाहीत ना. जुन्याकडून मिळते ती वेळ बिनटाइमझोनची, नव्याकडून मिळते ती टाइमझोनवाली. दोन्हींची लहान-मोठी तुलना केली तर सरळ टाइप-एरर. दोन्ही सारख्या आहेत का एवढंच विचारलंस तर एरर नाही, फक्त उत्तर दर वेळी "नाही" असंच येतं, हे अजून वाईट. आणि आयएसओ फॉरमॅटमध्ये छापली तर शेवटी +00:00 जोडलं जातं, समोरच्याचा पार्सर ते घेईलच असं नाही. डेटाबेसमधली जुनी वेळ बिनटाइमझोनची असेल तर सगळा खेळ बिघडतो. मी काय केलं, एक छोटं फंक्शन लिहिलं, त्यात नव्या पद्धतीने वेळ घेऊन लगेच टाइमझोन काढून टाकला, म्हणजे वागणूक हुबेहूब जुनी, वॉर्निंग बंद, आणि सगळ्या कोडमध्ये तेच एक फंक्शन. खरा बदल नंतर शांतपणे, एका जागी. घाई पण नाही तशी, यूटीसी-नाऊ कधी काढणार याची तारीख त्यांनी जाहीर केलेली नाही. पायथनवाले काढायला वेळ लावतात, कलेक्शन्समधून मॅपिंग वगैरे थेट घ्यायची सोय ३.३ मध्ये डेप्रिकेट झाली ती २०२१ च्या ३.१० मध्ये गेली, आणि तरीही त्या दिवशी लोकांचे कोड मोडलेच. नऊ वर्षं पण पुरत नाहीत लोकांना.

आता खड्डे. यातले बरेच मी पाय घालून तपासलेत.

एक म्हणजे मॉड्यूल. फिल्टरमध्ये लायब्ररीचं नाव घातलं तरी सूट लागत नाही असं होतं, कारण वॉर्निंग देणारा स्टॅक-लेव्हल २ देतो, आणि मग तो वॉर्निंग लायब्ररीच्या नाही तर तिला बोलावणाऱ्या फाइलच्या नावावर चढतो. हे खरं म्हणजे चांगलंच आहे, दोष ज्याचा त्याच्या नावावर. पण म्हणून मॉड्यूलपेक्षा मेसेजवर फिल्टर लावणं भरवशाचं. आणि कॉन्फिग फाइलमध्ये मेसेज रेजेक्स म्हणून, म्हणजे चिन्हांना खास अर्थ असलेला नमुना म्हणून वाचला जातो, कमांड लाइनवरून डब्ल्यू हा पर्याय देऊन लिहिला तर तोच मजकूर जसाच्या तसा धरला जातो. कमांड लाइनवर चाललेला फिल्टर फाइलमध्ये टाकल्यावर कंस किंवा टिंबामुळे रुसला तर डोकं फोडू नको, हेच कारण.

दुसरा खड्डा जरा खोल आहे. एरर केलेला वॉर्निंग म्हणजे खरोखरचं एक्सेप्शन. तुझ्या कोडमध्ये कुठे सरसकट एक्सेप्ट एक्सेप्शन (कोणतीही चूक पकडून पुढे जा असं सांगणारी ओळ) असेल तर ते त्याला गिळतं, आणि कोड दुसऱ्याच वाटेने जातो. टेस्ट पास, पण तपासली भलतीच वाट. आमच्याकडे वजनाचा डेटा वाचताना असंच व्हायचं, वॉर्निंग आला की कोडला वाटायचं फाइल खराब आहे आणि तो कालचा आकडा उचलायचा. चार दिवस लागले मला ते सापडायला. म्हणून एरर लावायच्या आधी असे सरसकट एक्सेप्ट शोधून ठेव.

मग कॅशे. स्ट्रिंगमध्ये चुकीचा बॅकस्लॅश असेल तर पायथन ३.६ पासून डेप्रिकेशन आणि ३.१२ पासून सिंटॅक्स-वॉर्निंग येतो, पण तो फाइल कंपाइल होतानाच. एकदा कंपाइल झालेली फाइल पायकॅशेमध्ये पडली की पुढच्या रनला वॉर्निंग गायब, आणि तुला वाटतं आपोआप बरं झालं. सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) नवीन मशीन असतं म्हणून तिथे दिसतो, तुझ्या लॅपटॉपवर नाही. यावरून एका पोराने माझ्याशी अर्धा तास वाद घातलाय.

आणि फिल्टरची ओळ स्वतःच म्हातारी होते हेही बघ. आम्ही नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या व्हिजिबल-डेप्रिकेशन-वॉर्निंगला सूट दिली होती. नमपाय २.० मध्ये तो मुख्य जागेवरून गेला, आता फक्त एक्सेप्शन्स नावाच्या आतल्या मॉड्यूलमध्ये आहे. परिणाम असा, की वॉर्निंगची सूट वाचतानाच पायटेस्ट कोसळली, एकही टेस्ट चाललीच नाही.

सगळे वॉर्निंग खरे होतात असंही नाही बरं. जानेवारी २०२४ मध्ये पांडाज २.२ आलं तेव्हा पायॲरो ही दुसरी लायब्ररी नसेल तर इम्पोर्ट करताच वॉर्निंग, की पुढच्या मोठ्या व्हर्जनला पायॲरो सक्तीचं होणार. लोकांनी एवढी ओरड केली की २.२.१ मध्ये तो वॉर्निंगच काढला. त्या आठवड्यात धावपळ करून पायॲरो घातलेले लोक मला माहीत आहेत. लायब्ररीच्या वॉर्निंगवर लगेच उडी मारायची नाही, सूट टाक, कॉमेंट लिही, पुढचं रिलीज बघ.

आता एक प्रश्न तू विचारला नाहीस पण विचारशील, की एरर लावलं आणि उद्या कुठल्या लायब्ररीने नवीन व्हर्जन सोडलं तर सकाळी सगळ्यांचं काम अडणार ना? अडणार, जर व्हर्जन बांधलेली नसतील तर. म्हणून लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी) आधी, एरर नंतर. लॉक फाइल असेल तर लायब्ररीमुळे नवीन वॉर्निंग फक्त तू मुद्दाम व्हर्जन वाढवतोस त्याच दिवशी येतो, म्हणजे ज्या दिवशी तुझं त्याकडे लक्ष आहे त्या दिवशी. आणि सोबत सीआयमध्ये एक वेगळा जॉब ठेव, रात्री चालणारा, व्हर्जन न बांधलेला, पिपला (लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या टूलला) प्री देऊन येऊ घातलेली रिलीजसुद्धा उचलणारा. तो पडला तरी कुणाचं मर्ज अडत नाही, सकाळी फक्त बघायचं. आमचा हा जॉब आठवड्यातून दोनदा तरी लाल असतो आणि मला त्याचं काही वाटत नाही, त्याचं कामच ते आहे.

तुमचं ॲप आहे म्हणून हे सगळं चालतं. तू लायब्ररी लिहून लोकांना देत असतास तर फिल्टर टेस्टपुरतेच ठेव म्हणालो असतो, लायब्ररीच्या कोडमध्ये फिल्टर बदललास तर वापरणाऱ्याच्या घरातले दिवे तू बंद करतोस. आणि स्वतः काही डेप्रिकेट करशील तेव्हा मेसेजमध्ये त्याऐवजी काय वापरायचं आणि कोणत्या व्हर्जनला जाणार हे दोन्ही लिही, स्टॅक-लेव्हल २ दे, आणि वॉर्निंग खरंच येतो का याचीही टेस्ट लिही, पायटेस्टमध्ये डेप्रिकेटेड-कॉल त्यासाठीच आहे. मजकूर पण तपासायचा तर वॉर्न्स, मॅच देऊन. जुन्या ब्लॉगवर वॉर्न्सला None द्यायची युक्ती सापडेल, ती पायटेस्ट ८ मध्ये चालत नाही.

नोड किंवा जावावाल्यांनी पण हे वाचलं असेल तर, नोडला थ्रो-डेप्रिकेशन आणि ट्रेस-डेप्रिकेशन असे दोन फ्लॅग आहेत, दुसरा कुठून आलं ते दाखवतो म्हणून आधी तो. जावा ९ पासून डेप्रिकेटेडला फॉर-रिमूव्हल ट्रू देता येतं, जिथे ते असेल तिथे आधी हात घाला.

तर शिरपूरकर, सोमवारी गेल्यावर आधी लॉक फाइल, मग एरर आणि २३ सूट एवढंच करून मर्ज कर, एकही दुरुस्ती त्यात मिसळू नको, म्हणजे सरांना पण दोन मिनिटांत वाचता येईल. मग तुमच्या कोडमधल्या ग्रुपबायच्या तीन जागा, मग ते सेटअप. यूटीसी-नाऊ त्यानंतर. आणि सरांना सांग की इग्नोर टाकलंय, २३ ठिकाणी टाकलंय, खोटं पण नाही ते.